ईमेल मार्केटिंगचं नियोजन: यादी आधी, सॉफ्टवेअर नंतर

ईमेल मार्केटिंग सुरू करायचं ठरलं की बहुतेक व्यवसायांत पहिली चर्चा सॉफ्टवेअरची होते. कोणतं घ्यायचं, महिन्याला किती पडतं, तयार डिझाइन किती मिळतात. दुसरी चर्चा विषयओळीची: त्यात इमोजी टाकावा की नाही. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या नाहीत, पण त्यांचा नंबर फार मागे लागतो. मेल चालणार की नाही हे बरंचसं आधीच, तीन प्रश्नांवर ठरून गेलेलं असतं. ज्याला मेल जातोय त्याने तो मागितला होता का? मागताना त्याला काय मिळेल असं सांगितलं होतं? आणि तुमचा मेल त्याच्या इनबॉक्सपर्यंत पोचतो का? या तिन्हींची उत्तरं आधी लिहून काढावीत. कॅलेंडर, डिझाइन, ऑटोमेशन ही त्यापुढची कामं.

मेलने नेमकं काय करायचं आहे?

सोशल मीडियावरचे फॉलोअर त्या त्या कंपनीच्या आवारात असतात. कोणाला काय दाखवायचं हे ती कंपनी ठरवते आणि उद्या नियम बदलले तर तुमच्या हातात काही राहत नाही. ईमेलची यादी मात्र एका फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि एका सेवेकडून दुसरीकडे नेता येते. कारण ईमेल ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. एका सर्व्हरने दुसऱ्याला पत्र कसं द्यायचं याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली जाहीर झाले आणि त्याच पायावर आजही सगळं चालतं. तरी 'यादी माझी, मी राजा' असं समजू नये. यादी तुमची असली तरी इनबॉक्सचं दार गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, ॲपल अशा मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात आहे. त्या दाराकडे पुढे येऊच.

आधी हेतू. 'विक्री वाढवायची' हा हेतू इतका मोघम आहे की त्यावरून एकही मेल लिहिता येत नाही. ग्राहक तुमच्याकडून कसा विकत घेतो हे पाहिलं तर हेतू आपोआप नेमका होतो. सायकली विकणाऱ्याचं उदाहरण घ्या. एकदा सायकल घेतलेला माणूस पुढची काही वर्षं दुसरी घेणार नाही. त्याला दर आठवड्याला नव्या सायकलींची जाहिरात पाठवणं म्हणजे त्याला यादीतून बाहेर ढकलणं. त्याला हवी असते सर्व्हिसिंगची आठवण, टायर कधी बदलावा याची माहिती, हेल्मेट आणि दिवे. याउलट एखादी सल्लागार संस्था असेल तर तिचा ग्राहक निर्णय घ्यायला कित्येक महिने लावतो. तिथे मेलचं काम विकण्याचं नसून निर्णयाची वेळ येईल तेव्हा आपलं नाव डोक्यात असावं एवढंच असतं. दरमहा पैसे भरून वापरायच्या सॉफ्टवेअरचा व्यवसाय असेल तर सगळी लढाई पहिल्या एकदोन आठवड्यांत असते. तेवढ्यात वापराची सवय लागली नाही तर माणूस निघून जातो, मग वर्षभर कितीही सुंदर वार्तापत्रं पाठवा.

म्हणून एकच वाक्य लिहून पाहावं: 'या मेलमुळे अमुक प्रकारचा माणूस अमुक गोष्ट करेल.' हे वाक्य जमत नसेल तर तो मेल पाठवायची गरज नाही. मेल किती वेळा पाठवायचे आणि काय मोजायचं, हेही याच वाक्यातून निघतं.

परवानगी

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थ्यूर्क या विक्री-अधिकाऱ्याने, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. कॅलिफोर्नियात कंपनीचे नवे संगणक दाखवायचे होते, त्याचं निमंत्रण. लगेच तक्रारी आल्या आणि जाळं सांभाळणाऱ्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या यंत्रणेने हा नियमभंग असल्याची समज दिली. हा पहिला स्पॅम मानला जातो. लक्षात घेण्यासारखं म्हणजे, ज्यांना तो मेल गेला ती संगणकात काम करणारी माणसं होती आणि विषयही संगणकांचाच होता. निवड चुकलेली नव्हती, तरीही लोक चिडले, कारण त्यांनी मागितलं नव्हतं.

विकत घेतलेल्या याद्यांचा मोह इथेच सोडावा. कोणीतरी लाखो पत्ते स्वस्तात देतो म्हणतो. त्यातले बरेच बंद पडलेले असतात आणि काही मुद्दाम पेरलेले असतात. स्पॅम रोखणाऱ्या संस्था आणि ईमेल सेवा असे सापळ्याचे पत्ते ठेवतात. हे पत्ते कधीच कोणी कोणत्या फॉर्ममध्ये भरलेले नसतात, त्यामुळे त्यांच्यावर मेल आला की पाठवणाऱ्याने पत्ते गैरमार्गाने गोळा केले हे सिद्धच होतं. जुने, सोडून दिलेले पत्तेही कधी कधी असे सापळे बनवले जातात. म्हणजे पाच वर्षं न वापरलेली तुमची स्वतःची यादीही धोक्याची ठरू शकते.

कायदा वाचकाच्या देशाप्रमाणे बदलतो. युरोपीय संघात जाहिरातीच्या मेलला साधारणपणे आधी संमती लागते, आधीच्या ग्राहकाला तशाच वस्तूंबद्दल लिहायला मर्यादित सवलत आहे. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती जपण्याच्या कायद्यानुसार अशी संमती घेतल्याचा पुरावाही दाखवता आला पाहिजे. कॅनडाचा २०१४ सालापासून लागू असलेला कायदाही संमती आधी मागतो. अमेरिकेचा २००३ सालचा कॅन-स्पॅम कायदा त्यामानाने सैल आहे. तो आधी परवानगी मागत नाही, पण दिशाभूल करणारी विषयओळ चालत नाही, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि 'मला नको' म्हणणाऱ्याला कामकाजाच्या १० दिवसांत यादीतून काढावं लागतं. तुमचे वाचक अनेक देशांत असतील तर सर्वांत कडक नियम सगळ्यांना लावणं हा कमी डोकेदुखीचा मार्ग. प्रत्येक पत्त्यापुढे तो कधी, कोणत्या फॉर्ममधून आणि काय मजकूर वाचून आला, हे नोंदवून ठेवा. पुढे वाद झाला किंवा सेवा बदलायची झाली तर हीच नोंद कामाला येते.

पत्ता भरल्यावर एक मेल पाठवून त्यातल्या दुव्यावर क्लिक करायला लावायचं, म्हणजे दुहेरी खातरजमा, करावी की नाही यावर मतभेद आहेत. काही लोक दुसऱ्या पायरीवर गळतात हे खरं. पण चुकीचे टाइप केलेले पत्ते, दुसऱ्याच्या नावाने भरलेले पत्ते आणि फॉर्म भरणारे बॉट तिथेच अडतात. माझं मत दुहेरी खातरजमेच्या बाजूने आहे, विशेषतः काही फुकट देण्याच्या बदल्यात पत्ता मागत असाल तेव्हा. फुकटाचं घ्यायला लोक वाट्टेल तो पत्ता देतात.

आणि फॉर्मवरचं वाक्य. 'आमच्या वार्तापत्रासाठी नोंदणी करा' यातून काहीच कळत नाही. 'महिन्यातून दोनदा, सायकलची देखभाल घरच्या घरी कशी करावी याबद्दल' हे वाक्य एक वचन आहे. ते वाचून आलेल्या माणसाला दर दोन दिवसांनी सवलतीच्या जाहिराती पाठवल्या तर कायद्याने परवानगी असेलही, पण त्याच्या दृष्टीने तुम्ही शब्द मोडलात. तो स्पॅमचं बटण दाबेल आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

इनबॉक्सचं दार

सॉफ्टवेअरच्या अहवालात 'डिलिव्हर्ड ९९ टक्के' असं दिसतं. त्याचा अर्थ इतकाच की समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला नाही. नंतर तो इनबॉक्समध्ये गेला, जीमेलच्या जाहिरातींच्या टॅबमध्ये गेला की स्पॅमच्या फोल्डरमध्ये, हे त्या आकड्यात दिसत नाही. बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो. ९९ टक्के पोचले मग प्रतिसाद का नाही, असं म्हणत ते विषयओळ बदलत बसतात.

मुळात ईमेल तयार झाला तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच त्यात नव्हती. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र पाठवू शकत होतं. ती उणीव भरून काढायला नंतर तीन गोष्टी जोडल्या गेल्या. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) वतीने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर केलेली डिजिटल सही; लाखेने मोहोर लावलेल्या लिफाफ्यासारखी ती सांगते की पत्र तुमच्याकडूनच आलं आणि वाटेत कोणी उघडून बदललं नाही. आणि डीमार्क म्हणजे या तपासण्यांत न बसणारं पत्र आलं तर काय करायचं, याची तुम्ही समोरच्याला दिलेली सूचना. ही तिन्ही कामं डोमेनच्या डीएनएस नोंदींमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या जाहीर नोंदवहीत, होतात. माहितगार माणसाला एक दिवस पुरतो, आणि एकदा केलं की पुन्हा क्वचितच हात लावावा लागतो.

पूर्वी हे केलं तर उत्तम असं होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ते सक्तीचं केलं. गूगलच्या हिशेबात दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर साधारण ५,००० किंवा जास्त मेल पाठवणारा मोठा. अशांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय लागते आणि तशी विनंती आल्यावर दोन दिवसांत ती पाळावी लागते. शिवाय स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायचं, शक्यतो ०.१ टक्क्याच्याही खाली.

हा आकडा किती छोटा आहे ते बघा. ५,००० मेल इनबॉक्सात गेले तर १५ जणांनी बटण दाबलं की तुम्ही ०.३ वर पोचलात. ०.१ म्हणजे फक्त पाच जण. म्हणून अनसबस्क्राइबचा दुवा तळाशी फिकट राखाडी अक्षरांत लपवणं हा आपल्याच पायावर धोंडा आहे. जाणाऱ्याला दार सापडलं नाही तर तो स्पॅमच्या बटणाने जातो, आणि त्या जाण्याची किंमत तुमचे राहिलेले वाचक मोजतात, कारण त्यांनाही तुमचे मेल मिळेनासे होतात. जीमेलवरचं तक्रारींचं प्रमाण गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये फुकट पाहता येतं.

डोमेनची पत हळूहळू तयार होते. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी २०,००० मेल सोडले तर स्पॅम अडवणाऱ्या फिल्टरला ते हल्लेखोराचं वागणं वाटतं. सुरुवात तुमच्याशी अलीकडेच संबंध आलेल्या थोड्या लोकांपासून करावी आणि काही आठवड्यांत आकडा वाढवत न्यावा. आणखी एक काळजी घ्यावी: पावत्या, पासवर्ड बदलण्याचे दुवे असे गरजेचे मेल एका सबडोमेनवरून (मुख्य डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेल्या उपनावावरून) आणि जाहिरातीचे दुसऱ्यावरून पाठवावेत. म्हणजे जाहिरातींवर राग निघाला तरी पावतीला त्याची झळ कमी बसते. मुख्य डोमेनची पत मात्र दोघांच्या मागे असते, तेव्हा ही ढाल पूर्ण नाही.

कोणाला काय जाईल

यादी तयार आहे, दार उघडं आहे. आता सगळ्यांना एकच मेल पाठवायचा मोह होतो. छोटी यादी असेल तर ते चालूनही जातं; शंभर जणांचे आठ गट पाडून कोणाचं भलं होत नाही. यादी वाढली की विभागणी करावी आणि ती वय-लिंगापेक्षा वागणुकीवरून करावी. शेवटची खरेदी कधी, किती वेळा, किती रकमेची, या तीन प्रश्नांवर ग्राहक लावून पाहिले तरी चित्र स्पष्ट होतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा आलेला, वारंवार येणारा, आणि पूर्वी खूप घ्यायचा पण वर्षभर दिसला नाही असा, या तिघांना एकच मजकूर लागू पडणार नाही.

मेलचे दोन प्रकार होतात. एक, तुमच्या सोयीच्या वेळी सगळ्यांना जाणारा. दुसरा, वाचकाने काही केलं म्हणून त्यालाच जाणारा: नोंदणी केली, कार्टमध्ये वस्तू टाकून निघून गेला, पहिली खरेदी केली. नियोजन करताना लोक पहिल्या प्रकाराचं वर्षभराचं कॅलेंडर रंगवतात आणि दुसरा नंतर बघू म्हणून ठेवतात. मी उलटं करेन. नोंदणीनंतर लगेच जाणारा स्वागताचा मेल आधी नीट लिहा, कारण त्याच क्षणी माणसाला तुम्ही कोण हे आठवत असतं. आठवडाभराने पाठवलात तर तो 'हे कोण?' म्हणेल. त्यानंतर खरेदीपश्चातचा मेल: वस्तू कशी वापरायची, काय बिघडतं, कोणाशी बोलायचं. कार्टच्या आठवणीचा मेल तिसरा, आणि त्यात पहिल्याच फटक्यात सवलत देऊ नका. लोक हुशार असतात. सवलत मिळते हे कळलं की मुद्दाम कार्ट भरून थांबतात.

कोणाला मेल जाऊ नये, याचीही एक यादी लागते आणि ती बहुतेक आराखड्यांत नसते. ज्याची तक्रार अजून सोडवलेली नाही, जो पैसे परत मागतोय, ज्याने काल पूर्ण किमतीला घेतलेल्या वस्तूवर आज सवलत जाहीर होतेय, त्यांना त्या दिवशी जाहिरात गेली नाही तर काही बिघडत नाही. गेली तर बिघडतं.

मजकूर

यावर थोडंच. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं असावं आणि दर वेळी बदलू नये. विषयओळीत आत काय आहे ते असावं. आधी बोलणं झालेलं नसताना विषयओळीला 'उत्तर:' (इंग्रजीत 'Re:') लावून पाठवणं, खोटी घाई दाखवणं हे फार तर एकदाच खपून जातं. एका मेलमध्ये एकच मागणी. सगळा मजकूर एका मोठ्या चित्रात कोंबू नये, कारण चित्रं बंद असलेल्या स्क्रीनवर मग काहीच उरत नाही आणि मजकूर ऐकून वाचणाऱ्या दृष्टिहीनांना तर काहीच मिळत नाही. चित्रामागे पर्यायी मजकूर द्यावा. मेलचा कोड साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मधेच कापतं, आणि कापल्या गेलेल्या भागात बहुधा अनसबस्क्राइबचा दुवा असतो. पाठवण्याआधी फोनवर उघडून पाहावं.

मोजणं

किती जणांनी मेल उघडला, हा आकडा वर्षानुवर्षं सगळ्यांचा लाडका होता. तो मोजण्यासाठी मेलमध्ये एक अदृश्य चित्र ठेवलेलं असतं; ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'उघडला' असं धरतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची अशी सोय आणली की ती चालू असलेल्यांच्या मेलमधली चित्रं, वाचकाने मेल पाहिला असो वा नसो, ॲपलचे सर्व्हर आधीच मागवून ठेवतात. म्हणजे न वाचलेले मेलही वाचलेले दिसतात. क्लिकचा आकडाही निर्मळ नाही: कंपन्यांमधल्या सुरक्षा यंत्रणा मेलमधले दुवे तपासण्यासाठी स्वतःच त्यावर क्लिक करतात. पाठवल्यानंतरच्या काही सेकंदांत एकाच वाचकाने सगळ्या दुव्यांवर क्लिक केलेलं दिसलं तर तो माणूस नाही.

मग पाहायचं काय? तुम्ही सुरुवातीला लिहिलेल्या वाक्यातली कृती. सर्व्हिसिंगची वेळ घेतली का, उत्तर लिहिलं का, खरेदी केली का. त्यातही एक मेख आहे. मेल पाहून खरेदी केलेले काही जण मेल नसतानाही खरेदी करणारच होते. हे ओळखायला यादीतला एक भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडून त्याला मेल पाठवायचाच नाही. समजा, ४०,००० जणांची यादी आहे. १०,००० जणांना मेल गेला नाही आणि त्यातल्या २०० जणांनी खरेदी केली, म्हणजे २ टक्के. उरलेल्या ३०,००० जणांना मेल गेला, त्यांतून ७८० खरेद्या आल्या, म्हणजे २.६ टक्के. सॉफ्टवेअर ७८० चं श्रेय मेलला देऊन मोकळं होईल. पण २ टक्क्यांच्या हिशेबाने ६०० खरेद्या तशाही झाल्या असत्या. मेलची कमाई १८०. बैठकीत हा आकडा कोणाला आवडत नाही, पण पुढच्या वर्षीचं बजेट याच आकड्यावर ठरवावं.

दोन मजकुरांची तुलना करायच्या चाचण्यांबाबतही सावध राहावं. १,००० जणांची यादी, दोन गट, एकात १५ क्लिक आणि दुसऱ्यात २०. '३३ टक्के सुधारणा' म्हणून आनंद होतो. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. ३ टक्के आणि ४ टक्के यांतला फरक भरवशाने ओळखायचा तर प्रत्येक गटात पाच हजारांहून जास्त लोक लागतात. यादी तेवढी नसेल तर विषयओळीतला एखादा शब्द बदलून पाहण्यापेक्षा, वेगळी ऑफर किंवा पूर्णपणे वेगळा मजकूर अशा मोठ्या फरकांचीच चाचणी घ्यावी. किंवा चाचणी सोडून पाचदहा ग्राहकांना सरळ विचारावं. छोट्या व्यवसायाला ते जास्त शिकवून जातं.

किती वेळा, आणि कधी थांबायचं

आठवड्यातला सर्वोत्तम वार कोणता याचं सगळ्यांना लागू होईल असं उत्तर नाही; असतं तर सगळ्यांनी त्याच वारी पाठवून ते बिघडवलं असतं. फॉर्मवर कबूल केलंत तेवढ्या वेळा पाठवा आणि तेवढं लिहायला तुमच्याकडे माणूस आहे का हे कबूल करण्याआधी बघा. महिन्यातून एकदा न चुकता जाणारा मेल, तीन आठवडे धडाक्यात जाऊन मग चार महिने गायब होणाऱ्या मेलपेक्षा केव्हाही चांगला. लांबच्या खंडानंतर लोक तुम्हाला विसरलेले असतात आणि तक्रारी तेव्हाच उसळतात.

बाउन्स होणारे, म्हणजे मेल न पोचता परत येतो असे, पत्ते रोजच्या रोज बघावेत. पत्ताच अस्तित्वात नसेल तर तो लगेच काढायचा. पेटी भरलेली असणं किंवा सर्व्हर तात्पुरता बंद असणं अशा कारणांसाठी काही वेळा पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. बहुतेक सेवा हे आपोआप करतात.

ज्यांना मेल पोचतात पण ज्यांच्याकडून कसलीच हालचाल नाही, त्यांचं काय करायचं हे आराखड्यात तारखेसह लिहिलेलं असावं. उदाहरणार्थ, सहा महिने क्लिक नाही, खरेदी नाही, लॉगिन नाही, तर एक साधा मेल: 'अजून हवंय का? हवं असेल तर इथे क्लिक करा.' फक्त 'उघडला नाही' एवढ्यावर हा निर्णय घेऊ नये, त्या आकड्याचा भरवसा राहिलेला नाही हे वर आलंच. आणि ज्याची खरेदीच दोनतीन वर्षांतून एकदा होते त्याला सहा महिन्यांचा निकष लावू नये. उत्तर आलं नाही तर काही दिवसांनी अजून एकदा विचारावं आणि मग नाव काढावं. यादी लहान होताना पाहून वरिष्ठ विचारतात, २०,००० चे १४,००० का झाले? त्यांना सांगायला दोन आकडे तयार ठेवा: त्या ६,००० जणांकडून गेल्या वर्षात आलेली विक्री, आणि त्यांना मेल पाठवण्यासाठी दरमहा भरलेलं बिल.